मेन बंद केलं तर

"मग ही डबडी आता भंगारात?"

"डबडी म्हणू नको अक्का. जन्मभर जेवू घातलंय त्यांनी मला."

"तुला मी जेवू घातलंय. ह्यांना कोण घालत होतं? ह्यांच्यात वीज कुठनं यायची?"

"कुठनंच नाही, तेच तर आहे. मॅग्नेटो म्हणतात ह्याला. इंजिन फिरलं की हे फिरतं, आणि हे फिरलं की आपली ठिणगी आपणच पाडतं. बॅटरी मेली, तारा जळाल्या, जग बुडालं, तरी ह्याला पत्ता नाही. फकीर माणूस."

"आणि नवं?"

"नवं म्हणजे जावई. त्याला सगळं हातात द्यावं लागतं. बॅटरीतनं वीज मिळाली तरच काम करणार."

"आणि बॅटरी बंद केली तर?"

"उडता उडता बॅटरी कोण कशाला बंद करेल अक्का, ती काय..."

मिस्त्रीचं वाक्य तिथंच राहिलं. असं वाक्य अर्ध्यावर सोडायची त्याची रीत नव्हती. बोलायला लागला की हातातला पाना खाली पडेल पण तोंड मिटणार नाही, अशी त्याची ख्याती. अक्काने डब्याची गाठ सोडता सोडता मान वर केली. धाकटा भाऊ मांडीवरच्या त्या काळ्या लोखंडी गोळ्याकडे असा बघत होता, जणू तो त्याला डसला होता.

बाहेर कालव्यापलीकडच्या पिकावर फवारणीच्या विमानाची घरघर चालली होती. झाडांच्या रांगेमागून विमान वर यायचं, एक कुशी वळायचं आणि परत पिकावर बुडायचं. ते चालवत होता अक्काचा मुलगा. एकुलता. विमानाच्या इंजिनाला दुसरं नवं इग्निशन मिस्त्रीने काल बसवलं होतं, आणि आज ते पहिल्यांदाच कामावर गेलं होतं.

इंजिनाला प्लग पेटवायच्या दोन जोड्या असतात, डावी आणि उजवी. एक मेली तरी दुसरी घरी आणते. गेल्या हंगामात मिस्त्रीने डावं मॅग्नेटो काढून तिथं नवं इलेक्ट्रॉनिक इग्निशन घातलं. भोकावर पत्र्याची चकती मारली, पंख्यामागे लोहचुंबकाची कडी बसवली, पहिला पिस्टन बरोबर माथ्यावर आणून सेन्सर जुळवला, कोरी वायर ओढली. इंजिन लोण्यासारखं चालायला लागलं. त्या इग्निशनच्या पेटीला वीज हवी होती. बरोबर आलेल्या माहितीत लिहिलं होतं की वीज सरळ बॅटरीवरून घ्या, मध्ये कुणी नको. पण भाचा पडला विसरभोळा. खाली उतरल्यावर बटण तसंच चालू ठेवेल आणि सकाळी बॅटरी मेलेली सापडेल, म्हणून मिस्त्रीने पेटीची तार मेन स्विचच्या अलीकडे न लावता पलीकडे लावली. मेन बंद की पेटीही बंद. डावीकडे नवं, उजवीकडे फकीर मॅग्नेटो. मेन बंद झालं तरी उजवं चालत होतंच, त्यामुळे कुणाला कळायचा प्रश्नच नव्हता.

मग या महिन्यात उजवंही दगावलं. मिस्त्रीने तिथंही नवं बसवलं. डाव्याला जसं केलं होतं, तसंच.

जमिनीवर त्याने तपासलंही होतं. डावं बंद करून बघितलं, इंजिन चालू. उजवं बंद करून बघितलं, इंजिन चालू. सगळं ठीक. मेन बंद करून बघायचं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. का आलं नाही, त्याला कारण आहे, आणि ते कारण त्याच्या उजव्या हातावर दिसतं.

त्याला सगळे ठिणगी म्हणत. नाव मेहुण्यांनी ठेवलेलं, म्हणजे अक्काच्या नवऱ्याने. आईबाप लवकर गेले, तेव्हा अक्काने लग्नात भावाला ट्रंकेसारखं बरोबर आणलं होतं. मेहुणे याच शेडचे मिस्त्री. त्यांनी कुरकुर न करता बायकोच्या भावाच्या हातात पाना दिला. पोरगा प्लगची वायर काढून ठिणगी आहे की नाही हे बोटाने बघायचा, झटका बसला की दात काढायचा. मेहुणे म्हणायचे, ह्याला भाकरी वाढू नका, ठिणगी वाढा. एकदा इंजिन बंद आहे असं धरून त्याने पंखा हाताने फिरवला. मॅग्नेटो बंद करणारी तार आतल्या आत तुटलेली होती. इंजिनाने एक शिंक दिली आणि मधलं बोट अर्धं घेऊन गेलं. तेव्हापासून तो जन्मभर भ्यायला तो चालू होणाऱ्या इंजिनाला. बंद पंख्यापुढे उभा राहायचा नाही, कुणाला राहू द्यायचा नाही. तार तुटली तर इंजिन सुरू होतं, ही भीती त्याच्या हाडात उतरली होती. तार तुटली तर इंजिन बंद पडतं, असं इंजिन त्याने आयुष्यात हाताळलंच नव्हतं, कालपर्यंत.

मेहुण्यांना पुढे काविळीने नेलं. विमानांच्या धंद्यात वय काढून माणूस खाटेवर गेला, याचं ठिणगीला तेव्हा बरं वाटलं होतं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली होती. मागे राहिलेलं पोरगं त्याच्या पायात पायात याच शेडमध्ये वाढलं. पोरगं उडवायला लागलं, तेव्हा उडवायचं शिकवलं दुसऱ्यांनी, पण मशीन शिकवलं मामाने. त्यातला पहिला धडा असा: जळका वास आला, मेन बंद. चार्जिंगचा लाल दिवा लागला, मेन बंद करून परत चालू. खालून कुणी लाल फडकं हलवलं, म्हणजे तुझ्या शेपटीला धूर आहे, पहिला हात मेनवर. घाबरू नको. इंजिनाला मेनची पर्वा नसते.

हा धडा पोराला झोपेतून उठवून विचारला तरी आला असता.

आणि चार्जिंगच्या दिव्याची त्या विमानाला खोडच होती. रेग्युलेटर म्हातारा झालेला. दिवा कधीही लागायचा आणि मेन बंद-चालू केलं की विझायचा.

ठिणगी उठला. मॅग्नेटो मांडीवरून घरंगळून फरशीवर आदळलं, त्याने बघितलंही नाही. कोपऱ्यातला रेडिओ उचलून त्याने हाक मारली. परत मारली. उत्तर नाही, आणि का नाही हेही त्याला माहीत होतं. सकाळी भाचा म्हणाला होता, मामा, तुझ्या नव्या यंत्राची रेडिओत किरकिर येते, कानात रातकिडा बसल्यासारखी, मी खाली फवारताना बंद ठेवतो. मामा म्हणाला होता, ठेव, संध्याकाळी वायरीची जाळी नीट करून देतो. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि वर फाटकही लावून घेतलं होतं.

"काय झालं?" अक्काने विचारलं.

"काही नाही."

"काही नाही असं तोंड तू बोट गेलं तेव्हा केलं होतंस."

तो बाहेर धावला. धावपट्टीच्या कडेला टाकीवाला औषध कालवत उभा होता. विमान उतरलं की टाकी भरून द्यायचं याचं काम, आणि उरलेल्या वेळात जगावर शेरे मारायचं. त्याने विचारलं, काय मिस्त्री, विंचू चावला का. ठिणगीने त्याला धापा टाकत विचारलं की विमानात औषध किती उरलंय, कधी उतरणार. टाकीवाला म्हणाला, आत्ताच भरून गेलाय, अजून बराच वेळ, घाई असेल तर थांबवतो की. असं म्हणून त्याने टाकीच्या दांडीवर लटकवलेलं लाल फडकं ओढलं आणि पट्टीकडे निघाला.

ठिणगीने त्याला मागून कव घातली. दोघेही औषधाच्या चिखलात पडले.

"लाल नको," ठिणगी म्हणाला. "लाल दाखवलं तर मरेल तो."

टाकीवाल्याला काही कळलं नाही, पण मिस्त्रीने त्याला अजून सोडलं नव्हतं. त्याने फडकं घडी करून खिशात कोंबलं आणि आयुष्यात पहिल्यांदा शेरा मारला नाही.

आता करायचं काय? हात हलवावे तर पोरगं समजणार, खाली काही बिघडलेलं दिसलंय, आणि हात मेनवर जाणार. गाडी पट्टीवर आडवी लावावी तर समजणार, उतरू नको. ओरडून उपयोग नाही. या दोघांत जितक्या खुणा होत्या, त्या सगळ्या संकटाच्या होत्या, आणि संकटाच्या प्रत्येक खुणेचं उत्तर एकच शिकवलेलं. मामाने भाच्याला वाचवायचे सगळे रस्ते आपल्या हाताने घडवले होते आणि सगळे त्याच एका बटणाशी जात होते.

अक्का शेडच्या दारात उभी होती. एका हातात डबा, काखेत तिची पिवळी छत्री.

ती छत्री बघून ठिणगी थांबला.

अक्का रोज डबा घेऊन यायची. पानं मांडून झाली की वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या खांबापाशी जाऊन छत्री उघडून उभी राहायची. वरून पोराला पिवळा ठिपका दिसला की तो समजायचा, आई आलीय, जेवायला चला. टाकीत औषध असलं तरी काम अर्धं टाकून यायचा, कारण ताटकळत ठेवलेलं आईला खपत नसे आणि दिवसभर ऐकून घ्यावं लागे. ती एकच खूण अशी होती जिच्यात भीती नव्हती. आज अक्का नेहमीपेक्षा लवकर आली होती, पण विमानातल्या माणसाच्या पोटाला घड्याळ नसतं.

तो तिच्यापाशी गेला. चिखल पुसला, आवाज जागेवर आणला.

"अक्का, छत्री उघडून उभी राहा. रोजच्यासारखी."

"अजून पानं मांडली नाहीत."

"राहू दे. आत्ता राहा."

तिने त्याच्याकडे बघितलं. "काय केलंस धाकट्या?"

खरं सांगावं तर ती धावेल, हातवारे करेल, छत्री फिरवेल. खोटं सांगावं तर ती तोंडावरूनच ओळखेल. तो नुसता म्हणाला, "हलवू नकोस फक्त. नुसती धरून उभी राहा."

अक्का पुढे काही न विचारता चालत गेली. तिची चाल रोजचीच होती, जराही घाई नाही. खांबापाशी जाऊन तिने छत्री उघडली, दांडा खांद्याला टेकवला आणि रोजच्यासारखी उभी राहिली. फक्त दुसऱ्या हाताने तिने खांब धरला होता, तो रोज धरत नसे.

विमान झाडांमागून वर आलं, वळलं, बुडालं. दिसली असेल का? नसेलच. सूर्य त्याच्या डोळ्यावर होता. परत वर आलं, परत बुडालं. ठिणगी शेडच्या भिंतीला पाठ लावून उभा होता. तो देवाचं नाव घेणाऱ्यांतला नव्हता. तो इंजिन ऐकत होता. एकेक ठोका कान लावून ऐकत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला इंजिन चांगलं चालतंय याचीच भीती वाटत होती. नवं इग्निशन एक नंबर काम करत होतं. फट नाही, अडखळ नाही. जे होतं ते सगळं एका तारेवर, आणि ती तार पोराच्या बोटाखाली.

मध्येच त्याला वाटलं, नाही लागणार दिवा. रोज कुठे लागतो? मग वाटलं, आज नाही तर उद्या. मग वाटलं, उद्या कशाला, उतरला की आपण बदलणारच आहोत तार, फक्त उतरू दे. माणूस किती छोट्या गोष्टीवर येऊन थांबतो. सकाळी त्याला नवं शेड हवं होतं, नवा रेग्युलेटर हवा होता, गुडघा दुखायचा थांबायला हवा होता. आता त्याला हवं होतं की पोराने नाक शिंकरायला हात वर न्यावा, पण त्या बटणाकडे नेऊ नये.

विमान झाडांवर आलं. या वेळी बुडालं नाही. वर चढलं, पट्टीकडे नाक केलं.

आणि आवाज गेला.

हळू झाला नाही, अडखळला नाही. दिवा मालवावा तसा गेला. आकाशात नुसता वारा, आणि त्यात पंख्याची फडफड. टाकीवाल्याने मान वर केली. खांबापाशी अक्काने विचारलं, "आवाज का थांबला रे?" मोठ्याने नाही, शेजारच्या बाईला विचारावं तसं.

ठिणगी खाली बसला.

मग एक धाड असा आवाज झाला, नळीतून काळा धूर फेकला गेला आणि इंजिन परत बोलायला लागलं. वाऱ्याने पंखा फिरता राहिला होता, मेन परत चालू झालं होतं, पेट्यांनी ठिणगी परत दिली होती. एवढंच. हेच झाडांच्या खाली झालं असतं, वळणावर, भरलेल्या टाकीने, तर बोलायला इंजिन उरलं नसतं.

विमान उतरलं, डोलत डोलत शेडसमोर येऊन थांबलं. पंखा थांबेपर्यंत कुणी जवळ गेलं नाही. पोरगं शिडीवरून उतरलं, घामाघूम, हसतच.

"काय आई, आज भूक लागली का तुला?" मग मामाकडे वळून म्हणाला, "पेट्रोलमध्ये पाणी आहे वाटतं. एकदा शिंकलं. खालून काढून बघ, आणि टाकी भरा, जेवून लगेच जातो."

आणि ठिणगीच्या पुढे वाट होती. सगळी मोकळी. पेट्रोलचं पाणी काढल्यासारखं करायचं, पोरगं जेवत असताना पॅनेलच्या मागे हात घालून तार बदलायची, कुणाला कळणार नाही. अक्कालाही नाही. क्षणभर त्याचा हात खिशातल्या पकडीवर गेलाही होता. पण मग पोरगं उद्या काय शिकणार? दुसऱ्या कुणाच्या विमानात बसलं, तिथंही कुणी असंच लावलेलं असलं, तर हात मेनवरच जाणार. धडा त्याने दिला होता. परतही त्यानेच घ्यायला हवा होता.

"जेवायच्या आधी परत बस वर," तो म्हणाला. "चालू कर."

"भूक लागलीय मामा."

"बस म्हणतो ना."

पोरगं कुरकुरत वर चढलं. इंजिन सुरू झालं. ठिणगी पंख्याला वळसा घालून शिडीवर चढला, उभ्याने कॉकपिटमध्ये वाकला आणि पोराचा हात धरून मेनवर ठेवला.

"बंद कर."

पोराने बंद केलं. पंखा दोन झोके घेऊन थांबला.

शेडसमोर आता फक्त गरम लोखंड टिचत होतं. पोरगं बटणाकडे बघत होतं. मग आपल्या बोटाकडे. मग मामाकडे.

"मघाशी वरती दिवा लागला होता," तो म्हणाला. "मीच बंद केलं होतं."

"हो."

"तुला खालूनच कळलं?"

"आधीच कळलं होतं."

"मग लाल का नाही दाखवलंस?"

"लाल दाखवलं असतं तर पहिला हात कुठं गेला असता तुझा?"

पोराच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं, आणि त्या जागी जे आलं ते ठिणगीने या तोंडावर कधी बघितलं नव्हतं. लहानपणापासून हा पोरगा मामाने हात लावलेल्या मशीनमध्ये डोळे मिटून बसत आला होता. आता त्याचे डोळे उघडे होते. तो मामाला बाजूला सारून शिडीवरून उतरला आणि पट्टीच्या कडेला जाऊन पाठमोरा उभा राहिला.

अक्का छत्री मिटून आली होती. सगळं तिने ऐकलं होतं. कळलं किती, कोण जाणे, पण पुरेसं कळलं होतं. ती भावाजवळ येऊन थांबली.

"तुझे मेहुणे असते तर आत्ता थोबाडीत दिली असती तुझ्या."

"तू दे."

"मला हात उचलवत नाहीय," अक्का म्हणाली, आणि खरंच तिचा खांब धरलेला हात अजून वाकडाच होता. ती आत जाऊन भिंतीला टेकून बसली. पानं मांडली नाहीत.

टाकीवाल्याने खिशातलं लाल फडकं काढून दांडीवर परत बांधलं, सोडलं, परत बांधलं. शेवटी तो म्हणाला, मला काही समजलं नाही, पण माझी विजार औषधात भिजलीय आणि खाजतेय. कुणी हसलं नाही, तरी त्याने बोललेलं बरं वाटलं.

पोरगं परत आलं, तेव्हा ठिणगी पॅनेलचे स्क्रू काढत होता. पोराने एक खोकं ओढलं आणि त्याच्या शेजारी बसला.

"दोन्ही तारा बदलायच्या?"

"दोन्ही. सरळ बॅटरीवरून. दोघींना वेगवेगळा फ्यूज. आणि एक छोटी बॅटरी वेगळी बसवू, उजव्यापुरती."

"दाखव मला. प्रत्येक. कुठून निघाली, कुठे गेली."

"बरं."

"आणि इथून पुढे मी बघितल्याशिवाय झाकण लावायचं नाही. तू बसवलंस म्हणून मी बसणार नाही मामा. आता नाही."

"हेच बरोबर आहे," ठिणगी म्हणाला. बरोबर होतंच. दोन डोळ्यांपेक्षा चार बरे, हे त्यानेच शेकडो वेळा सांगितलं होतं. तरी ते ऐकताना छातीत काहीतरी निखळलं, आणि ते परत बसवायला कुठलाच पाना नव्हता.

त्याने जुनी तार मेनच्या पलीकडून कापली. नवी, जाड, लाल तार मापून घेतली, टोकावरचं प्लास्टिक सोललं, तांब्याच्या केसांना पीळ दिला, त्यावर कडी सरकवून पकडीने दाबली. ओढून बघितली. अर्ध्या बोटाने धरून परत ओढून बघितली. मग काही न बोलता ती तार भाच्याच्या हातात दिली.

पोराने ती दोन्ही मुठींत धरून अंगातला सगळा जोर लावून ओढली. कडी सुटली नाही. त्याने तार परत दिली, आणि ठिणगीने दुसरी घेतली.